अर्ध्या बादलीचा हिशेब

इंदूरच्या स्नेहलतागंजात सकाळी मोटारीचा आवाज येतो, तो चारचाकीचा नसतो. नळाला नर्मदा आलेली असते आणि मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या, खालच्या हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटार घरघरत असते. इंदुरात बहुतेक वस्त्यांना पाणी एक दिवसाआड मिळतं, त्यामुळे ‘आज नर्मदा आहे’ हे वाक्य इथल्या घरांत तिथी-वार सांगावा तसं सांगितलं जातं. त्याच सुमारास नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत वळते, ओला-सुका कचरा वेगळा धरून माणसं फाटकाशी येतात, आणि पार्किंगमध्ये एक जण एक बादली व एक फडकं घेऊन गाड्या पुसायला लागतो.

ती बादली जरा नीट पाहण्यासारखी असते. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ, दुसरीनंतर ते पातळ ताकासारखं, चौथीपर्यंत चहासारखं. फडकं बहुधा जुन्या बनियनचं. बुडवायचं, पिळायचं, टपावरून गोल गोल फिरवायचं, पुन्हा बुडवायचं. पाच-सहा गाड्या एका बादलीत उरकतात. पाणी वाचतं, यात वादच नाही. पण शेवटच्या गाडीवर फिरणाऱ्या फडक्यात आधीच्या सगळ्या गाड्यांची धूळ जमलेली असते. वर्षभराने ऐन दुपारच्या उन्हात गाडीच्या दारावर तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते याच फडक्याने काढलेले असतात. मालक मात्र रंगाला नावं ठेवतो.

दुसऱ्या टोकाला पाइपवाले. रविवारी सकाळी नळाला पाइप लावून गाडीवर धार सोडणारे घरमालक आता पूर्वीइतके दिसत नाहीत, पण संपलेलेही नाहीत. साध्या बागेच्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं धार चालू राहिली की शंभर-दीडशे लिटर गेले. शहरातल्या माणसाला दिवसभराच्या पिण्या-आंघोळी-धुण्याला माणशी 135 लिटर पाणी द्यावं, असा आपल्याकडचा सरकारी मापदंड आहे. म्हणजे एक गाडी धुतली की एका माणसाचा एक दिवस नाल्यात.

या दोन टोकांच्या मधे गेल्या काही वर्षांत एक बाटली येऊन उभी राहिली आहे. ‘वॉटरलेस वॉश’. फवारा मारायचा, मायक्रोफायबरच्या कापडाने पुसायचं, झालं. बादली नाही, पाइप नाही, ओली फरशी नाही. विकणारे तिला चमत्कार म्हणतात आणि जुने गाडीवाले थोतांड. दोघांचंही थोडं थोडं चुकतं.

पाण्याची किंमत इंदुरात समजते तशी नदीकाठच्या शहरात समजणार नाही. माळव्यात पावलोपावली पाणी, ही ख्याती म्हणीपुरती उरली त्याला बराच काळ झाला. होळकरांच्या काळात बिलावलीचा तलाव आणि पुढे गंभीर नदीवरचा यशवंतसागर यांवर भागत होतं. गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली आणि ते पुरेनासं झालं. 1970 मध्ये ‘नर्मदा आणा’ म्हणून शहर रस्त्यावर उतरलं. त्या आंदोलनात अभ्यास मंडळ या इंदूरच्या संस्थेची माणसं होती, त्यांत मराठी नावंही होती. 1978 मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात पोचलं. जलूद इथे, मंडलेश्वरजवळ, ते उचललं जातं आणि सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा घाट चढून येतं. नदीकाठ समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, इंदूर साडेपाचशेच्या. मधला घाट त्याहून उंच. पहिल्या दोन टप्प्यांत रोज प्रत्येकी नऊ कोटी लिटर आणि तिसऱ्या टप्प्यात छत्तीस कोटी लिटर पाणी उचलण्याची सोय झाली.

इथे एक घरगुती हिशेब करता येतो. हजार लिटर पाणी चारशे मीटर वर चढवायचं तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाशी झगडायलाच 1.1 युनिट वीज लागते. पंपाची तूट, नळातलं घर्षण आणि घाटाची जादा चढण धरली तर दीड-दोन युनिटांच्या खाली काही येत नाही. पाइपने गाडी धुताना गेलेल्या शंभर लिटरमागे, म्हणजे, नऊ वॉटचा एलईडी बल्ब पंधरा-वीस तास जळेल एवढी वीज गेली. गल्लीतल्या एका गाडीचा हा हिशेब किरकोळ वाटतो. शहराचा वाटत नाही. जलूदच्या पंपांचं वीजबिल निगमच्या अंदाजपत्रकात इतकं ठसठसतं की त्यावर तोड म्हणून 60 मेगावॉटचा सौरप्रकल्प काढायचं ठरलं आणि त्यासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महापालिकेने 244 कोटी रुपयांचे हरित रोखे थेट लोकांना विकले. सामान्य गुंतवणूकदारासाठी असे रोखे काढणारी ती देशातली पहिली महापालिका. कुणी सांगावं, एखाद्या स्नेहलतागंजकराने ते रोखे घेतले असतील आणि रविवारी पाइपही लावला असेल.

आता बाटलीकडे वळायला हरकत नाही.

तिच्यात असतं काय? बहुतांशी पाणीच. ‘बिनपाण्याच्या’ फवाऱ्यात पाणीच सर्वांत जास्त, हा त्यातला पहिला विनोद. त्यात थोडा साबणाच्या जातीचा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट. थोडं वंगण, बहुतेकदा सिलिकॉनच्या किंवा दुसऱ्या कुठल्या पॉलिमरच्या रूपात. आणि काही उत्पादनांत कार्नोबा मेण. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येतं. काम साधं आहे. सर्फॅक्टंट धुळीच्या कणाभोवती शिरून त्याची रंगाला असलेली पकड सैल करतो, वंगण कण आणि रंग यांच्यामधे निसरडा थर धरतं, आणि मग ते सगळं कापड उचलून नेतं. ‘नॅनो’, ‘कवच’, ‘जर्मन तंत्र’ हे शब्द बाटलीवर कितीही मोठे छापलेले असोत, आत एवढंच घडतं. मेणाचा अंश मागे राहतो म्हणून गाडी चकाकते. तो धुऊन गेला की चकाकीही जाते.

खरी कामगिरी कापडाची. हे बाटली विकणारे सांगत नाहीत, कारण कापड एकदा घेतलं की दोन वर्षं पुरतं आणि बाटली दर महिन्याला संपते.

मायक्रोफायबर म्हणजे एक डेनियरपेक्षा बारीक तंतू. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो एक डेनियर. रेशमाचा तंतू याच्या जवळपास असतो. 1970 मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोटो यांनी अतिसूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम मृगाजिन बनवलं, तिथून या गोष्टीची गाडी सुटली. पुसण्याच्या कापडासाठी मात्र पुढची युक्ती लागली. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या कुळातला पदार्थ, हे दोन्ही एकाच तंतूत बसवायचे आणि नंतर तो तंतू उकलायचा. उकललेल्या तंतूचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली संत्र्याच्या फोडींसारखा दिसतो. फोडींच्या मधल्या फटींत पाणी, तेल आणि धूळ अडकते. सुती फडक्याचा तंतू जाड असतो. तो धूळ उचलत नाही, ढकलत नेतो. बाजारात कापडावर 80/20 किंवा 70/30 लिहिलेलं असतं ते या दोन पदार्थांचं प्रमाण, आणि जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे वजन. गाडीच्या रंगासाठी साडेतीनशेच्या वरचं, लांब लवेचं कापड हवं. दोनशे-अडीचशेचं पातळ कापड काचेला आणि आतल्या प्लॅस्टिकला ठीक. सिग्नलवर तीन-तीनच्या जुडीत विकतात त्यातलं बरंचसं न उकललेल्या तंतूचं असतं. हाताच्या तळव्यावरून ते फिरवून पाहावं. कातडीच्या बारीक भेगांना कापड अडकल्यासारखं वाटलं तर तंतू उकललेला आहे. सुळकन सरकलं तर बूट पुसायला ठेवावं.

कापडाची लव लांब का हवी, याचं उत्तर धुळीत आहे, आणि धूळ कुठली आहे यात. माळव्याची माती काळी, बेसाल्टच्या खडकातून आलेली, चिकणमातीची. ओली झाली की ती चिकटते आणि वाळली की पापुद्र्यासारखी सुटते. एकटी तीच असती तर रंगाचं फारसं बिघडलं नसतं, कारण चिकणमातीचे कण मऊ. पण इंदुरात गल्लोगल्ली बांधकाम चालू आहे. जुने बंगले पडतात, मल्ट्या उठतात, मेट्रोचे खांब उभे राहतात, आणि त्या सगळ्याला रेती लागते. नर्मदेची रेती गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची. कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ सातावर, काच साडेपाचाच्या आसपास. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर तर त्याहून कितीतरी मऊ. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. तेव्हा इंदूरकराच्या बोनेटवर पाण्याच्या रूपाने नर्मदा ओतली जाते आणि ओरखडे काढणाऱ्या रेतीच्या रूपानेही तीच येऊन बसते.

कापडाची लव त्या रेतीच्या कणाहून खोल असली तर कण लवेच्या आत शिरतो आणि रंगापासून दूर जातो. लव उथळ असली किंवा कापड आधीच भरलेलं असलं तर कण वर राहतो आणि कापडाचा सँडपेपर होतो. सगळं शास्त्र या दोन वाक्यांत मावतं.

हात कसा चालावा ते पाहायचं असेल तर एखाद्या जाणत्या पोराला बोनेट पुसताना पाहावं. गाडी सावलीत, पत्रा थंड. कापडाची आधी अर्धी, मग पुन्हा अर्धी घडी. अशा चौपदरी घडीला उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. सुरुवात टपापासून, कारण वर धूळ कमी आणि खाली चाकाशी सर्वांत जास्त. एका वेळी दोन हात रुंदीचाच भाग घ्यायचा. फवारा सढळ मारायचा. कंजूषपणा इथे महागात पडतो, कारण ओरखडा वंगण कमी पडल्यानेच उठतो. मग अर्धा मिनिट थांबायचं. हे थांबणं बहुतेकांना जमत नाही. धुळीचा रंग गडद होऊन ती ओघळायला लागली की कापड नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि एकाच दिशेने सरळ ओढायचं. कापड उलटून पाहिलं की काळा पट्टा दिसतो. ती बाजू संपली, घडी फिरवायची. आठही बाजू काळ्या झाल्या की कापड पिशवीत, दुसरं बाहेर. मागोमाग कोरड्या कापडाने हलक्या हाताने चकाकी आणायची. मध्यम आकाराच्या गाडीला चार ते सहा कापडं लागतात. दोन कापडांत उरकतो असं सांगणारा एक तर गाडी पुसत नाही किंवा ओरखडतो.

झालं का साफ, हे तपासायची एक गमतीची पद्धत आहे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून बोटं हळूच पत्र्यावरून फिरवायची. उघड्या बोटांना गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. चिकटून बसलेली धूळ, डांबराचे थेंब, रेल्वेमार्गालगत उडणारे लोखंडाचे कण, सगळं बोटांना कळतं. स्टेशनापासून फार लांब नसलेल्या वस्तीत ही चाचणी करून पाहावीच.

इथे जुन्या गाडीवाल्यांच्या हरकतीला उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, आमच्या वडलांनी तीस वर्षं फियाट बनियनने पुसली, तिला काही झालं नाही. खरं आहे, पण त्या फियाटच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नव्हता. एकाच जातीच्या इनॅमलचे जाड हात मारलेले असत. ओरखडे उठले तरी पॉलिशच्या डब्याने घासून घालवता येत, आणि पांढऱ्या किंवा फिकट रंगावर ते दिसतही नसत. रंगाच्या थरावर स्वच्छ पारदर्शक थर चढवण्याची पद्धत 1980 च्या दशकात जगभर रुळली आणि मग आपल्याकडे आली. अशी गाडी चकाकते जास्त आणि ओरखडते लवकर. काळी किंवा गडद निळी गाडी घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं.

इंदूरची आणि देखण्या गाड्यांची सोयरीक तशी जुनी. माणिकबाग राजवाडा बांधून घेणाऱ्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी 1930 च्या दशकात गर्नी नटिंग या लंडनच्या कारखान्याकडून अमेरिकन ड्यूसेनबर्गवर खास बॉडी चढवून घेतली होती. केशरी आणि काळ्या रंगातली ती दोन आसनी गाडी आजही जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी असते. अशा गाड्या त्या काळात शॅमॉयने, म्हणजे कमावलेल्या मऊ कातड्याने पुसत. ते कातडं पाणी छान टिपतं, पण त्याला लव नसते, त्यामुळे धूळ आत घ्यायची जागा नसते. आधी भरपूर पाण्याने धूळ काढायची आणि मगच शॅमॉय फिरवायचं, ही रीत त्यामुळेच. पाणी ओतायला माणसं आणि विहिरी होत्या.

फवाऱ्याची पद्धत सगळीकडे चालत नाही, हे सांगताना विक्रेत्यांचा घसा बसतो. पावसाळ्यात महूकडून किंवा देपालपूरकडून आलेल्या गाडीच्या चाकाच्या कमानीत काळ्या मातीची ढेकळं असतात; तिथे फवारा मारून पुसणं म्हणजे रेती रंगात चोळणं. अशा गाडीवर आधी पाण्याची धार हवीच. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीही तेच. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरवरच्या तोफांतून रंगीत पाणी आणि गुलाल चार-चार मजले उडतो, आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या गाड्यांवर रंगाची साय धरते. ती कोरडी पुसू नये. कबुतराची विष्ठा हा बारमाही रोग. तिच्यात आम्ल असतं, आणि उन्हात ती वाळली की रंगात खड्डा पाडते. तिच्यावर ओला कागद दहा मिनिटं ठेवायचा, मऊ झाली की उचलून घ्यायची, घासायची नाही. समोरच्या काचेला सिलिकॉनचा फवारा लावला तर पहिल्या पावसात वायपर तेलकट पट्टे ओढतो. आणि चकाकी नसलेल्या मॅट रंगाच्या गाडीला मेणाचा फवारा मारला तर जागोजागी चकाकीचे डाग पडतात, ते निघता निघत नाहीत.

मग मधला मार्ग? तो आहे, आणि या लेखापुरतं सांगायचं तर इंदुरासाठी तोच जास्त शहाणा वाटतो. परदेशात त्याला ‘रिन्सलेस’ म्हणतात. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर औषध घालायचं, चार-पाच कापडं त्यात भिजवून एकेक काढायचं, एका कापडाने एक भाग पुसायचा आणि ते कापड पुन्हा बादलीत बुडवायचंच नाही. वरून पाणी ओतून धुवायची गरज नसते. अर्धी बादली, पण पाणी शेवटपर्यंत स्वच्छ. सकाळच्या त्या चहाच्या रंगाच्या बादलीत आणि हिच्यात फरक फक्त एवढाच: फडकं परत आत जातं की नाही.

बोरिंगच्या पाण्याने हे करायचं असेल तर एक अडचण उभी राहते. बेसाल्टच्या भेगांतून येणारं पाणी जड, क्षारांचं. उन्हात वाळलं की काळ्या बोनेटवर पांढरी वर्तुळं उमटतात. नर्मदेचं पाणी त्या मानाने गोडं. म्हणजे गाडीसाठी जे पाणी चांगलं तेच पिण्यासाठी दुर्मीळ. अर्धी बादली नर्मदा घेणं आणि दीडशे लिटर बोरिंग उडवणं यातलं पाप कमी कुठलं, हे ज्याचं त्याने ठरवावं. उन्हाळ्यात बोरिंगही कोरडं पडतं. मध्य प्रदेशात 1986 चा पेयजल परिरक्षण कायदा आहे, त्याखाली कलेक्टर जिल्हा टंचाईग्रस्त ठरवून नव्या बोरिंगवर आणि पाण्याच्या इतर वापरावर बंदी घालू शकतो.

कायद्याच्या वाटेने काय होतं, हे बेंगळुरूने मार्च 2024 मध्ये दाखवलं. तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास पाच हजार रुपये दंड ठरवला आणि पहिल्या तीन दिवसांत 22 घरांकडून 1 लाख 10 हजार रुपये वसूल केले. केपटाउनमध्ये 2018 च्या फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरचं बंधन आलं, तेव्हा नळाच्या पाण्याने गाडी धुणं आधीच बंद झालेलं होतं; मळकी गाडी ही तिथे चांगल्या नागरिकाची खूण ठरली. इंग्लंडात अवर्षण आलं की पाइपने गाडी धुण्यावर बंदी येते, बादलीने धुण्यावर नाही. हा भेद व्यवहारी आहे, कारण माणूस बादली स्वतः उचलतो, आणि उचललेल्या पाण्याचं वजन त्याला कळतं. मराठी वाचकाला लातूर आठवेल. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून तिथे रेल्वेने पाणी गेलं, त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. त्या उन्हाळ्यात तिथे गाडी धुणं हा विषय कुणी काढला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

कारखानदारांनीही यात लक्ष घातलं आहे. मारुती सुझुकीने आपल्या वर्कशॉपांत कोरड्या धुलाईची पद्धत आणली आणि 2018-19 या एका वर्षात 65 कोटींहून अधिक लिटर पाणी वाचल्याचं सांगितलं. अशा धुतलेल्या गाड्यांचा आकडा 69 लाखांच्या घरात होता. भागाकार केला तर गाडीमागे सुमारे 95 लिटर पडतात. पाइपच्या हिशेबाशी ते जुळतं, त्यामुळे आकडा फुगवलेला वाटत नाही. मात्र एक मेख या हिशेबातही राहतेच.

मेख म्हणजे कापडं. एका गाडीला पाच कापडं, दिवसाला दहा गाड्या, म्हणजे रोज पन्नास काळी कापडं. ती धुवायची कुठे? पन्नास कापडांना यंत्रात दोन फेऱ्या, फेरीला पन्नास-साठ लिटर पाणी. शंभर-सव्वाशे लिटर दहा गाड्यांत वाटले की गाडीमागे दहा-बारा लिटर आले. पार्किंगमध्ये न दिसलेली अर्धी बादली मोरीत दिसते. तरीही दीडशेचे बारा झाले हा सौदा वाईट नाही. फक्त त्याला ‘बिनपाण्याचा’ म्हणू नये. शिवाय प्रत्येक धुण्यात कापडाचे प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटतात. समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपाने जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे 35 टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून जातं, असा अंदाज आययूसीएनने 2017 मध्ये मांडला. त्यापुढे गाडी पुसायची कापडं चिमूटभरच, पण वाटा त्यांचाही. इंदुरात सांडपाण्याचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. कबीटखेडीला रोज साडेचोवीस कोटी लिटरचं शुद्धीकरण केंद्र आहे, आणि ऑगस्ट 2021 मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून इंदूरचं नाव जाहीर झालं. मोरीतलं पाणी तिकडे जाण्याची शक्यता असते. रस्त्यावर धुतलेल्या गाडीचं तेल-साबणाचं पाणी पावसाळी नालीतून कान्ह नदीत आणि पुढे क्षिप्रेत उतरण्याची भीती जास्त.

कापड धुण्याचेही नियम आहेत, आणि ते बहुतेकांना उशिरा कळतात. सुती कपड्यांबरोबर घातलं तर सगळा सुती भुरका ते ओढून घेतं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घातलं तर तंतूंच्या फटी बुजतात, आणि कापड पुन्हा बनियन होतं. गरम इस्त्री फिरवली तर फोडी वितळतात. जमिनीवर पडलेलं कापड झटकून पुन्हा रंगावर फिरवू नये. ते चाकांसाठी वेगळं काढावं.

आता राहिला तो बादलीवाला. ‘भिया, आज जरा पाणी जास्त घ्या,’ असं गच्चीवरून सांगणाऱ्या काकूंना फवाऱ्यावर विश्वास नसतो. पाणी ओघळताना दिसलं नाही तर गाडी धुतली असं त्यांना वाटतच नाही. महिन्याला काही शे रुपये गाडीमागे घेणाऱ्या माणसाला पाच कापडं आणि बाटली परवडत नाही. दहा गाड्या दीड तासात उरकायच्या तर फवारा मारून अर्धा मिनिट थांबणं त्याला कसं जमणार? काही मल्ट्यांत यावर साधा तोडगा निघतो: कापडं आणि औषध गाडीमालकाने आणायचं, धुण्याची जबाबदारी त्याचीच, पुसणाऱ्याने फक्त हात चालवायचा, आणि रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा. रोज पुसण्याची मुळात गरज नसते. पत्र्यावर नुसती बसलेली धूळ रंगाला खात नाही. तिला रोज चोळणारा हात खातो. पण आठवड्यातून दोनदा म्हटलं की पुसणाऱ्याला पगार कापला जाईल अशी धास्ती वाटते, आणि मालकाला रोजच्या पैशांत दोनदाच काम होतंय असं वाटतं. बोलणी बहुतेक इथेच अडतात.

तोवर मल्टीची टाकी भरून वाहायला लागलेली असते. मोटार बंद करायला कुणीतरी जिन्यातून ओरडतं, आणि गच्चीच्या नळीतून पडणाऱ्या धारेखाली पार्किंगमधला माणूस घाईघाईने आपली बादली सरकवतो.